शिकागोतील जर्मन पाणबुडी

प्रश्न : मुलाकडे शिकागोला गेलो असताना तेथील विज्ञान संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील एक अखंड जर्मन पाणबुडी पाहिली. समुद्रापासून इतक्या दूर ती आली कशी आणि बुडवण्याऐवजी जपली का गेली?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण पाहिलेली पाणबुडी म्हणजे ‘यू-५०५’. ती बुडवण्याचा बेत खरे तर दोनदा झाला आणि पहिल्यांदा तो तिच्याच खलाशांनी केला.

४ जून १९४४ रोजी पश्चिम आफ्रिकेजवळच्या अटलांटिक महासागरात कॅप्टन डॅनियल गॅलरी यांच्या अमेरिकी ताफ्याने केलेल्या स्फोटांमुळे तिला पृष्ठभागावर यावे लागले. शत्रूच्या हाती ती लागू नये म्हणून समुद्राचे पाणी आत घेणारी वाट उघडून खलाशांनी बाहेर उड्या टाकल्या. तथापि लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड यांची तुकडी तत्काळ आत उतरली आणि झेनॉन लुकोसियस या खलाशाने निघालेले झाकण शोधून जागेवर बसवले. पाणबुडी कधीही बुडेल किंवा तिचा स्फोट होईल अशा स्थितीत हे धाडस झाले.

आतील एनिग्मा हे संदेश सांकेतिक लिपीत बदलणारे यंत्र आणि सांकेतिक लिपीच्या वह्या हा खरा ऐवज होता. जर्मनीला सुगावा लागला असता, तर तिने संकेत तातडीने बदलले असते. त्यामुळे पाणबुडी गुपचूप बर्म्युडाला ओढून नेण्यात आली, ताफ्यातील सुमारे ३,००० जणांना मौन पाळण्याची ताकीद मिळाली आणि ५८ कैद्यांना लुइझियानातील छावणीत असे वेगळे ठेवले की रेडक्रॉसलाही त्यांना भेटू दिले नाही. युद्धकैद्यांच्या हक्कांच्या दृष्टीने हे समर्थनीय म्हणता येणार नाही.

युद्ध संपल्यावर अमेरिकेतील पोर्ट्समथच्या गोदीत पडून असलेली ही पाणबुडी नेमबाजीच्या सरावात बुडवण्याचे नौदलाने ठरवले होते. गॅलरी मूळचे शिकागोचे. त्यांच्या धर्मगुरू बंधूंनी संग्रहालयाशी बोलणी केली आणि शहरवासीयांनी सुमारे अडीच लाख डॉलर जमवले. १९५४ मध्ये सेंट लॉरेन्स नदी, कालवे आणि पंचमहासरोवरे या मार्गाने तिला ओढून आणले, मग सरोवराकाठचा हमरस्ता रात्री बंद करून ती पलीकडे नेली. (विशाखापट्टणमच्या ‘कुरसुरा’ या संग्रहालय झालेल्या भारतीय पाणबुडीला निदान किनाऱ्यावरच जागा मिळाली!) गोदीत तिचे बरेच सुटे भाग काढून घेतले गेले होते, संग्रहालयाने मूळ जर्मन उत्पादकांना पत्रे लिहिली, तेव्हा त्यांनी ते विनामूल्य पाठवले.

आपण पाहिलेले भूमिगत दालन अलीकडचे आहे. पन्नास वर्षे उघड्यावर गंजल्यानंतर २००४ मध्ये तिला तेथे हलवण्यात आले.