ताट वाजवल्यावर वळतो म्हणजे ऐकू येतं असं नाही

मी नागपुरात ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. महिनाभरात जे प्रश्न आले त्यातले निम्मे एकाच गोंधळाचे आहेत, मूल का बोलत नाही आणि त्याला नीट ऐकू येतं का, म्हणून इथे एकत्र उत्तरं देते. मूल न बघता यापेक्षा जास्त सांगता येत नाही, तेव्हा तपासणी करून घ्याच.

मुलगी ३ वर्षांची आहे, जिभेखालचा पडदा चिकटलेला आहे, तो कापला की बोलेल असं शेजारचे सांगतात. (वाठोडा)

नाही. त्याने फार तर 'र', 'ल' असे एखाद-दोन उच्चार अडतात, शब्दच येत नसतील तर कारण दुसरं आहे. कापायचं की नाही ते ईएनटी डॉक्टर ठरवतील, पण आधी कान तपासा.

घरी मराठी, सोसायटीत हिंदी, शाळेत इंग्रजी. म्हणून बोलत नसेल का? (मनीषनगर)

भाषा जास्त झाल्या म्हणून मूल बोलायचं थांबत नाही. तुम्हाला जी मनापासून येते त्या भाषेत भरपूर बोला, तोडक्या इंग्रजीत नको.

मुलगा अडीच वर्षांचा, 'आई', 'बाबा' सोडून काही बोलत नाही. ऐकू तर येतं, ताट वाजवलं की वळतो, कुकरच्या शिट्टीला दचकतो. जन्मल्यावर कावीळ खूप वाढली होती, ८ दिवस काचेत होता, तेव्हा मशीनने कान तपासले आणि कागदावर 'पास' आहे. सासूबाई म्हणतात याचे बाबा पण चौथ्या वर्षी बोलले. अजून थांबून बघू का? (हिंगणा)

थांबू नका, एक महिना पण नाही. ताट आणि कुकर हे मोठे आवाज आहेत, ते खूप कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही कळतात, शिवाय मूल तुमचा हात हलताना बघतं, सावली बघतं आणि वळतं. बोलणं त्याच्या मानाने फार हळू असतं आणि त्यातही 'स', 'श', 'फ' हे इतके बारीक आणि वरच्या पट्टीचे आवाज आहेत की वरच्या पट्टीचं ऐकणं गेलं असेल तर 'साखर'मधला 'स' त्याला ऐकूच येत नाही. आता 'बाबा' कसं बोलतो म्हणाल, तर 'बा', 'मा' खालच्या पट्टीतले आहेत आणि ओठांवर दिसतात, बघूनही येतात.

दुसरी गोष्ट तो 'पास'वाला कागद. बाळाच्या कानात छोटं बूच घालून जी मिनिटभराची ओएई टेस्ट होते ती फक्त आतल्या कानाच्या पेशी बघते. कावीळ फार वाढली तर इजा बहुतेक पुढे होते, कानाच्या नसेला आणि मेंदूकडे जाणाऱ्या वाटेला, आणि ते ओएईत दिसतच नाही, म्हणजे कागदावर पास आणि मुलाला आवाज पोचतो पण शब्द उलगडत नाही. काचेत राहिलेल्या बाळाची बेरा टेस्ट व्हायलाच हवी, ती आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघते, झोपेत होते, दुखत नाही. नियम असा आहे की पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन किंवा थेरपी सुरू. तुमचं बाळ ३० महिन्यांचं आहे. ऐकण्यासाठी मेंदू सगळ्यात तयार असतो तो साधारण साडेतीन वर्षांपर्यंत, नंतर कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) केलं तरी तेवढं हाती लागत नाही.

वडील उशिरा बोलले असतील, पण त्यांचे कान तरी कोणी तपासले होते? माझ्याकडे उमरेडकडचं एक मूल साडेचार वर्षांचं होऊन आलं, त्याआधी दोन वर्षं एका सेंटरने महिन्याचं पॅकेज लावून स्पीच थेरपी दिली होती आणि कानाची एकही तपासणी नाही. दोन्ही कानांना खूप कमी ऐकू येत होतं. ती दोन वर्षं परत आणता येत नाहीत, याचा मला आजही राग येतो. कानाचा रिपोर्ट न मागता थेरपी सुरू करणाऱ्याला पैसे देऊ नका. नागपुरातल्या मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), एम्स किंवा सीआरसीमध्ये (अपंगांसाठीचं सरकारी केंद्र) बेराची चौकशी करा, आणि त्याच वेळी बालविकास तज्ज्ञांनाही दाखवा, कारण कान चांगले निघाले तर ऑटिझमचं बघावं लागेल, एक झालं की मग दुसरं असं करत वर्ष जातं.

ऑनलाइन ३ हजाराचं कानाचं मशीन मुलाला चालेल का? (कामठी)

नाही. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. मशीन मुलाच्या रिपोर्टप्रमाणे सेट करावं लागतं आणि कान वाढतो तसा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मापाचा साचा, बदलावा लागतो. परवडत नसेल तर एडिप योजनेची (अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) चौकशी करा, आणि लावून देणाऱ्याचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर विचारा.

६ वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे, स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी कर्ज काढतोय. व्हिडिओत मुलं बोलताना दिसतात. (काटोल)

काढू नका. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी हा उपचार म्हणून द्यायचा नाही. व्हिडिओचं म्हणाल तर सहा महिन्यांत मूल तसंही वाढतं, बाजूला थेरपी चालू असते, आणि श्रेय इंजेक्शनला जातं. तेवढ्या पैशात काही वर्षांची ऑक्युपेशनल थेरपी आणि विशेष शिक्षण होतं. सही करायच्या आधी सरकारी हॉस्पिटलच्या बालरोग विभागात विचारून या.

यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं तर मुलीवर शिक्का बसेल का? सेरेब्रल पाल्सी आहे, ५ वर्षांची. (गोधनी)

काढा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि सेरेब्रल पाल्सीला निरामय हा सरकारी आरोग्य विमाही मिळतो, १ लाखापर्यंत. त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आजार पण आहे, आपल्या विदर्भात घरोघरी असून लोकांना माहीत नसतं. शाळेने तोंडी नाही म्हटलं तर लेखी मागा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

अपंगत्व असलेल्या मुलाला दहावीच्या पेपरला जास्तीचा वेळ मिळतो का?

मिळतो, तासाला २० मिनिटं. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, सर्टिफिकेटला वेळ लागतो, म्हणून नववीतच शाळेत विचारा. जानेवारीत माझ्याकडे आलात तर मी फार काही करू शकत नाही.