गिनी फाउलची पिल्लं : अर्धा स्टार्टर, अर्धा मका का चालत नाही?

प्रश्न (सांगोला तालुका) : गिनी फाउलची (कोंबडीसारखा ठिपकेदार पक्षी) ४० पिल्लं आणली. जाळीच्या खुराड्यात ठेवतो. ब्रॉयलर स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांचं खाद्य) महाग पडतो म्हणून त्यात निम्मा मक्याचा भरडा घालतो. तीन आठवड्यांत ११ मेली, काहींचे पाय फाकलेत. कोणतं औषध द्यावं?

उत्तर : औषधाआधी खाद्याचा हिशेब करू. स्टार्टरमध्ये साधारण २२ टक्के प्रथिनं, मक्यात ९. निम्मं-निम्मं केलं की उरतात साडेपंधरा. गिनीच्या पिल्लाला पहिले चार-पाच आठवडे २४ ते २६ टक्के लागतात, म्हणजे कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त. पोट भरतं, पण अंग धरत नाही.

‘आमच्या आजीच्या गिनी काहीच न घालता वाढल्या’ असं बरेच जण सांगतात. खरं आहे. त्या रानात दिवसभर वाळवी, नाकतोडे, गोचीड टिपायच्या. तुमच्या जाळीत किडा येणार कुठून? तेवढी प्रथिनं तुम्हीच द्यायला हवीत.

सोपा उपाय सांगतो. नऊ किलो स्टार्टरमध्ये एक किलो सोयाबीन पेंड बारीक करून मिसळा, प्रथिनं २४ टक्क्यांवर जातात. पेंडच घ्या, घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका. त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत. शेंगदाणा पेंडीला बुरशीचा जरा जरी वास आला तर ती पिल्लांपासून लांब ठेवा. सुकट चालते, पण धुऊन, मीठ काढून आणि थोडीच. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं तर पिल्लं तुटून पडतात.

पाय फाकण्याचं कारण मात्र खाद्यच असेल असं नाही. खाली वर्तमानपत्र अंथरलंय का? त्यावर पाय घसरतात. गोणपाट घाला. नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कमी पडलं तरी पाय वाकडे होतात, म्हणून पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. पाण्याच्या भांड्यात खडे टाका. ही पिल्लं इंचभर पाण्यातही बुडून मरतात.

पाचव्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत नुसतं फिनिशर (ब्रॉयलरचं पुढच्या टप्प्यातलं खाद्य) द्या. पुढे मका, ज्वारी वापरा की! पाच किलो फिनिशरला तीन किलो भरडा घातला तर १६ टक्क्यांच्या आसपास येतं, तेवढं पुरतं. सोबत खनिज मिश्रण आणि बारीक वाळू हवी. लेयरचं (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य स्वस्त मिळालं तरी अंड्यावर येईपर्यंत देऊ नका, त्यातलं जादा कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडावर येतं.

खाद्यात रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं असेल तर पिशवीवरचं लेबल पशुवैद्यकांना दाखवा. कोंबडीला चालतं ते सगळं गिनीला चालेलच असं नाही. आणि विष्ठेत रक्त दिसत असेल तर खाद्य बदलून वाट पाहू नका. मेलेलं ताजं पिल्लू घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात या.