मॉलमध्ये माझी बोलिंगची सरासरी १६५ आहे. टेन-पिन बोलिंगमध्ये प्रोफेशनल करिअर होईल का?

तू लिहिलंयस: वय १९, पुण्यात कॉलेज, दर शनिवारी मॉलमध्ये बोलिंग, सरासरी १६५ (एका गेमचे गुण, जास्तीत जास्त ३००), मित्र म्हणतात ‘प्रो हो’. तर प्रोचं आयुष्य नक्की कसं असतं आणि त्यावर घर चालतं का? माझा मुलगा तुझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

आधी माझी लायकी सांगतो. मी प्रो नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग सुरू झालं तेव्हा ऑफिसच्या टोळक्याबरोबर पहिल्यांदा बॉल टाकला, तो थेट गटरात गेला आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलं. आता डेट्रॉइटजवळ राहतो, मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करतो आणि गेली १६ वर्षं दर मंगळवारी रात्री लीग खेळतो. सरासरी २०४. इथे २०४ला कुणी मान वर करून बघत नाही. आमच्याच लीगमध्ये घरांच्या छपरांची कामं करणारा एक गडी २२० ने खेळतो आणि तोही प्रो नाही. का नाही, ते कळलं की तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळेल.

लेनवर तेल असतं, हे तुला बहुतेक कुणी सांगितलेलं नसेल. फाउल लाइनपासून, म्हणजे जी ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिली पिन ६० फुटांवर. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर मशीन तेलाचा पातळ थर देतं. तो डोळ्यांना दिसत नाही. तेलावर बॉल घसरतो, कोरड्या फळीवर पकडतो आणि वळतो. लीगमध्ये आणि मॉलमध्ये तेल मधल्या भागात जास्त, कडांना कमी टाकतात. म्हणजे बॉल चुकून बाहेर गेला तर कोरडी जागा त्याला आत ओढून आणते आणि चुकून आत गेला तर तेल त्याला सरळ धरून ठेवतं. दोन्हीकडून सांभाळून घेणारी आजी समज. प्रोंच्या स्पर्धेत ही आजी नसते. तिथे तेल जवळजवळ सपाट पसरलेलं असतं, दर स्पर्धेला त्याचा नमुना आणि लांबी वेगळी, आणि एका फळीची चूक झाली की समोर स्प्लिट उभी, म्हणजे एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना. फळी म्हणजे जेमतेम इंचभर. लेनला अशा ३९ फळ्या. मी एका हंगामात हौसेने असल्या नमुन्यावरची लीग खेळलो. २०४ चे १७१ झाले. छपरवाल्या गड्याचे १९० झाले आणि तो तीन आठवड्यांत लीग सोडून गेला.

प्रो काय वेगळं करतो, ते मी एकदाच अगदी हाताच्या अंतरावरून पाहिलंय. मोठ्या स्पर्धेआधी प्रो-अ‍ॅम असतं: आमच्यासारख्या हौशांनी पैसे भरायचे आणि प्रोंच्या शेजारी उभं राहून खेळायचं. माझ्या वाट्याला आलेला प्रो चाळिशीतला, शांत, थोडं पोट सुटलेला. त्याच्या अंगठ्याच्या भोकात पांढऱ्या टेपचे तुकडे एकावर एक चिकटवलेले होते. सकाळी अंगठा बारीक असतो, खेळून खेळून सुजतो. तसा तो एकेक तुकडा चिमट्याने काढत जायचा. बॉल परत आला की आम्ही लगेच बोटं घालायचो. तो मात्र बॉल दोन्ही हातांनी उचलून दिव्याखाली धरायचा. त्यावर तेलाची बारीक वळी उमटलेली असायची, एकाशेजारी एक, दोन जागी चिमटीत धरल्यासारखी जवळ येणारी. ती वळी बघायची, टॉवेलने पुसायची, मग उभं राहायचं. चौथ्या फ्रेमला (फ्रेम म्हणजे गेममधली एक पाळी) त्याने स्ट्राइक मारला, पहिल्याच बॉलला दहाही पिना, आणि पाचव्याला पाय दोन फळ्या डावीकडे सरकवले. मी विचारलं, अहो, स्ट्राइक लागतोय ना? तो म्हणाला, लागला तो नशिबाने लागला, बॉल आता लवकर वळायला लागलाय, पुढचा लागला नसता. मी दिवसभर पिनांकडे बघत होतो. त्याने पिनांकडे फारसं बघितलंच नाही.

आता करिअरकडे येऊ. या धंद्याचा अख्खा ताळेबंद एका माणसाच्या आयुष्यात दिसतो, त्याचं नाव अर्ल अँथनी. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा, जन्म १९३८. त्याला बेसबॉलमध्ये पिचर व्हायचं होतं, दुखापतीने ते राहिलं. मग किराणा मालाच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला आणि एकविशीत सहकाऱ्यांबरोबर बोलिंग सुरू केलं. तुझ्यापेक्षा दोन वर्षं उशिराच. १९६३ मध्ये हिंमत करून प्रो टूरवर, म्हणजे प्रोंच्या गावोगावच्या स्पर्धांच्या मालिकेत गेला. सात स्पर्धा खेळला आणि एकीतही दमडी मिळाली नाही. परत गोदामात.

पुढची सहा-सात वर्षं म्हणजे नोकरी आणि सराव. १९७० मध्ये, बत्तिशीला, त्याने सिएटलमध्ये पहिलं विजेतेपद मिळवलं. बारीक कापलेले केस, जाड चष्मा, चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. तालुक्याच्या खजिन्यातले हेडक्लार्क वाटावेत असा माणूस. डावखुरा होता. बहुतेक खेळाडू उजवे असल्याने उजव्या बाजूची लेन झिजते, तेल वाहून जातं, डावी बाजू त्या मानाने कोरी राहते. त्यामुळे डावखुऱ्यांचं फावतं, अशी कुरकुर त्या काळात खूप झाली. पण डावखुरे इतरही होतेच, आणि तेवढं जिंकणं त्यांच्यातल्या कुणालाच जमलं नाही. १९७५ च्या एका हंगामात त्याने १,०७,५८५ डॉलर मिळवले. हंगामात एक लाख ओलांडणारा तो पहिला बोलर. १९७८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तरी परत लेनवर उभा राहिला. १९८२ मध्ये कारकिर्दीची एकूण कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली, तेही या खेळात प्रथमच. ‘प्लेअर ऑफ द इयर’ सहा वेळा, त्यातलं शेवटचं १९८३ मध्ये, वय ४५. एकूण ४३ विजेतेपदं. हा आकडा पुढे वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअरने ४७ वर नेला. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर, शिवाय घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळातला जगज्जेता. नेम काय चीज असते बघ.

हे वाचून छाती फुगली असेल तर थांब, आता पैशांचं बघू.

आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्या बघितल्यायस ना? मल्ल गावोगावी फिरतो, फड मारला की इनाम, हरला की नुसती माती अंगाला. बोलिंगची टूर बरीचशी तशीच आहे. फरक इतकाच की मल्लाला आखाड्यात उतरायला पैसे भरावे लागत नाहीत आणि बोलरला लागतात. प्रवेश फी स्वतःची, गाडीचं पेट्रोल, मोटेल, जेवण सगळं स्वतःचं. ढिगाने गेम खेळायचे, एकूण पिनांवर क्रमांक लागतो आणि ठरावीक क्रमांकाच्या आतल्यांनाच पैसे. त्याच्या खालचा माणूस आठवडाभर उत्तम खेळूनही पदरमोड करून घरी जातो. टीव्हीवर शेवटचे मोजकेच दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळेच मजेत आहेत.

आणि हा धंदा एके काळी खरंच मजेत होता. प्रो बोलर्सची संघटना, पीबीए, १९५८ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या एडी एलायस नावाच्या वकिलाने उभी केली, सुरुवातीला ३३ सभासद. १९६२ ते १९९७ हंगामात दर शनिवारी दुपारी एबीसी वाहिनीवर बोलिंग लागायचं. १९६४ मध्ये डॉन कार्टरला एबोनाइट या बॉल बनवणाऱ्या कंपनीने दहा लाख डॉलरचा करार दिला. कुठल्याही खेळातला असा पहिलाच करार म्हणून तो ओळखला जातो. मग गावोगावच्या लीग रोडावल्या, शनिवारचा कार्यक्रम बंद झाला.

एक हिशोब मी स्वतः कागदावर मांडून बघितलाय. अँथनीचे १९७५ चे १,०७,५८५ डॉलर. २०२१ मध्ये काइल ट्रूपने एका हंगामात मिळवले ४,९६,९००, तोवरचा उच्चांक. म्हणजे ४६ वर्षांत साडेचारपटीपेक्षा थोडं जास्त. अमेरिकेतली महागाई तेवढ्याच काळात साधारण पाचपट झाली. थोडक्यात, सर्वात उत्तम वर्ष खेळलेल्या माणसाची कमाईसुद्धा अर्ध्या शतकात जागच्या जागी राहिली. तीही पहिल्या नंबरची. तिसाव्या नंबरवाल्याचं तू समजून घे.

म्हणून बहुतेक प्रो दुसरं काही ना काही करतात. कुणी प्रो-शॉप चालवतो (बॉलला हाताच्या मापाने भोकं पाडून देणं हा वेगळा कसबाचा धंदा आहे), कुणी शिकवतो. नाव झालं तर बॉलची कंपनी बॉल देते, वर मानधनही. केली कुलिकचं बघ. बायकांची प्रो टूर २००३ मध्ये बंद पडली. कुलिक न्यू जर्सीत वडिलांच्या गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करत खेळत राहिली. जानेवारी २०१० मध्ये लास वेगासला ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’च्या अंतिम सामन्यात तिने ख्रिस बार्न्सला २६५-१९५ असं धुतलं. पुरुषांच्या टूरवर विजेतेपद मिळवणारी ती पहिली बाई. तो सामना मी टीव्हीवर पाहिला, आणि बायकोला हाक मारून उठवलं, तिला या खेळातलं ओ की ठो कळत नसताना.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या वयाची मुलं हमखास विचारतात ते दोन हातांनी बॉल टाकण्याचं. जेसन बेलमॉन्टी, ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावचा. आईवडिलांचं बोलिंग सेंटर होतं, चालायला लागला तसा बॉल ढकलायला लागला, एका हाताने उचलायचा नाही म्हणून दोन्ही हातांनी. मोठा झाल्यावर लोक नावं ठेवायचे, त्याने शैली बदलली नाही. २०१९ मध्ये आमच्या इथल्या अ‍ॅलन पार्कच्या थंडरबोल सेंटरमध्ये त्याने अकरावी मेजर (टूरवरच्या सर्वात मानाच्या स्पर्धांपैकी एक) जिंकली आणि अँथनी व पीट वेबर यांच्या दहाच्या विक्रमाच्या पुढे गेला. आता त्याच्या नावावर पंधरा आहेत. अंगठा न घालता टाकला की बॉलला फिरक जबरदस्त मिळते. नक्कल करायचीच असेल तर आधी त्याची पावलं बघ, सगळे हातच बघत बसतात.

आता पुण्याचं. आपल्याकडे या खेळाला सरकारी आसरा मिळणं कठीण, कारण ऑलिम्पिकमध्ये तो नाही. १९८८ ला सोलमध्ये प्रदर्शनीय म्हणून झाला तेवढाच. आशियाई स्पर्धेत २०१८ ला जकार्ता-पालेमबांगला होता, त्यानंतरच्या हांगझोला नव्हता. राष्ट्रीय स्पर्धा होतात, भारताचा संघ बाहेर जातो, चांगले खेळाडू आहेत. पण त्यांना विचारशील तर बहुतेकांच्या पोटापाण्याचा उद्योग वेगळा असतो. त्यामुळे कॉलेज सोडण्याचा विचार डोक्यात असेल तर तो आजच काढून टाक. अँथनीनेही सात वेळा रिकाम्या हाताने परतल्यावर फोर्कलिफ्टची किल्ली पुन्हा हातात घेतली होती.

खेळायचं थांबव असं मात्र म्हणत नाही. मॉलच्या रॅकवरचा बॉल सोड. तो कुणाच्याही हातात बसावा म्हणून भोकं मोठी पाडलेली असतात, तू तो मुठीत आवळून धरत असणार आणि म्हणूनच अंगठा उशिरा सुटत असणार. स्वतःच्या मापाचा एक बॉल पाडून घे. महाग पडेल, पण खर्च करायचा तर इथेच कर. स्ट्राइकचे व्हिडिओ बघणं कमी कर. १६५ वाल्याचे गुण स्ट्राइकमध्ये कमी आणि सोडलेल्या स्पेअरमध्ये (उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं) जास्त अडकलेले असतात, आणि सोडलेली स्पेअर सहसा उजव्या कोपऱ्यातली ती एकटी १० नंबरची पिन असते. पुढच्या चार शनिवारी ती किती वेळा उभी राहिली आणि त्यातली किती वेळा तू पाडलीस, वहीत लिही. डावखुरा असशील तर ७ नंबरची. दोन्ही आकडे खाली कमेंटमध्ये टाक, मग पुढचं बोलू.