वायफायचं नाव विचारायचं कुणाला?

प्रश्न : ताई, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) फोटोंचा बॅकअप ऑनलाइन चढतो. घरचं वायफाय गेलं की लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला जातो आणि दिवसाचा दीड जीबी डेटा सकाळपर्यंत फस्त! म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी नेटवर्कचं नाव तपासायचं ठरवलं. पण 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' ही आज्ञा 'वाडा १' दाखवते. राउटरला नाव नुसतं 'वाडा' दिलंय. हा १ कुठला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तो १ तुमच्याच लॅपटॉपचा. त्या आज्ञेत दिसतं ते नेटवर्क मॅनेजरने (लॅपटॉपची नेटजोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) जपलेल्या नोंदीचं नाव. 'वाडा' नावाची जुनी नोंद आधीच असेल, तर नवी करताना तो पुढे आकडा जोडतो. नोंदीला नाव काहीही देता येतं. माझ्या भाच्याने शेजाऱ्यांच्या वायफायची नोंद 'फुकट' म्हणून ठेवलीय. (शेजाऱ्यांना माहीत आहे हो!)

राउटर हवेत सांगतो ते नाव म्हणजे एसएसआयडी. त्यासाठी 'एनएमसीएलआय' पुढे 'वजा टी', 'वजा एफ', मग 'अ‍ॅक्टिव्ह' स्वल्पविराम 'एसएसआयडी', शेवटी 'डेव्ह वायफाय' लिहा. (टाइप अर्थातच रोमन लहान अक्षरांत.) आजूबाजूची सगळी नेटवर्क येतील, ज्या ओळीच्या सुरुवातीला 'येस' असेल ती तुमची.

पुष्कळजण 'आयडब्ल्यूगेटआयडी वजा आर' सुचवतील. आज्ञा छोटी आणि सुटसुटीत, नाव सोडून काही छापत नाही. पण ती कर्नलशी (लिनक्सच्या गाभ्याशी) जुन्या 'वायरलेस एक्स्टेन्शन्स'च्या वाटेने बोलते आणि वायफाय ७ च्या कार्डांसाठी नव्या कर्नलने ती वाट बंद केलीय. शिवाय ती 'एसबिन' या फोल्डरमध्ये असते. क्रॉन सहसा फक्त 'बिन'मध्ये शोधतो, म्हणून टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारी आज्ञा रात्री सापडतच नाही आणि नाव रिकामं येतं. वापरायचीच असेल तर पूर्ण पत्त्यासह लिहा.

तिची आधुनिक बहीण 'आयडब्ल्यू'. 'आयडब्ल्यू डेव्ह', पुढे कार्डाचं नाव, मग 'लिंक' लिहिलंत की नावासोबत सिग्नलची ताकदही कळते. कार्डाचं नाव डब्ल्यूएलपी३एस० असलं काहीतरी असेल : वायरलेस, पीसीआय बस ३, स्लॉट ०. मात्र राउटरला देवनागरी नाव दिलं असेल तर 'आयडब्ल्यू' अक्षरांऐवजी त्यांचे बाइट छापते, ते वाचवत नाहीत. एसएसआयडीला जागा ३२ बाइटची आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून १० चिन्हं.

खरं सांगू का, तुमच्या कामाला नाव लागतच नाही. उद्या बायकोच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला तर? तुम्हाला हवंय ते एवढंच, की हे कनेक्शन मोजून-मापून आहे का. 'एनएमसीएलआय वजा जी जनरल.मीटर्ड डिव्हाइस शो' आणि पुढे कार्डाचं नाव. उत्तर 'येस'ने सुरू झालं तर बॅकअप थांबवा. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट स्वतःहून तशी खूण पाठवतो, म्हणून तिथे कंसात 'गेस्ड' (अंदाजाने) दिसेल. नाही दिसलं, तर 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय'ने हॉटस्पॉटच्या नोंदीत 'कनेक्शन.मीटर्ड येस' एकदा भरून ठेवा. इथे मात्र ते नोंदीचंच नाव द्यायचं, १ असेल तर १ सकट.