कोड एडिटरच्या सवयीमुळे अर्धवट मेल पाठवला जातो, हे कसं थांबवायचं?

तुमचा प्रश्न असा: दिवसभर व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये काम, तिथे कंट्रोल-एंटर दाबलं की कर्सर ओळीच्या मधे असला तरी खाली नवी ओळ उघडते. जीमेलमध्ये लिहितानाही बोटं तेच दाबतात आणि अर्धवट मेल क्लायंटकडे जातो.

आधी एक सांगते, सवय मोडायच्या मागे लागू नका. मीही दिवसभर एडिटरमध्येच असते आणि तिथे ही जोडी फार कामाची आहे. बदल मेलच्या बाजूला करा.

सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे पत्ता शेवटी भरायचा. 'टू'ची जागा रिकामी असेल तर काहीही दाबलं तरी मेल जात नाही, जीमेल किमान एक पत्ता मागतं आणि थांबतं. उत्तर देताना पत्ता आपोआप आलेला असतो, म्हणून आधी तो काढा, मगच लिहायला लागा. रिप्लाय ऑलमध्ये बरीच मंडळी असतील तर हे करू नका, परत भरताना एखादं नाव हमखास राहतं. अशा वेळी मजकूर सरळ एडिटरमध्ये लिहा आणि पूर्ण झाल्यावर जीमेलमध्ये पेस्ट करा. पेस्ट मात्र कंट्रोल-शिफ्ट-व्हीने करा. व्हीएस कोड कॉपी करताना रंगही बरोबर देतो, त्यामुळे साध्या पेस्टने तुमचा मजकूर काळ्या पार्श्वभूमीसकट समोरच्याकडे जाऊ शकतो.

जीमेलच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड शॉर्टकट बंद करायचा पर्याय दिसतो आणि बरेच जण तोच सुचवतात. त्याने तुमचं काम होणार नाही. तो पर्याय सी, आर, ई अशा एकेका अक्षराच्या शॉर्टकटसाठी आहे, कंट्रोल-एंटर त्यानंतरही चालूच राहतं. त्याऐवजी त्याच पानावर 'अनडू सेंड'ची मुदत ५ सेकंदांवरून ३० करा, आणि पानाच्या तळाशी जाऊन सेव्ह करायला विसरू नका. तेवढा वेळ मेल बाहेर पडतच नाही, म्हणून मागे घेता येतो. ३० सेकंदांनंतर मात्र काहीही करता येत नाही.

विंडोजवर कंट्रोल-एंटर पूर्णच बंद करायचं असेल तर ऑटोहॉटकी वापरा, कोणती की दाबल्यावर काय व्हावं हे ठरवू देणारा हा प्रोग्रॅम आहे. खिडकीच्या शीर्षकात 'जीमेल' असेल तेव्हा ही जोडी दाबली तरी काही करायचं नाही, एवढा दोन-तीन ओळींचा नियम पुरतो. ऑफिसच्या खात्यात शीर्षकात 'जीमेल'ऐवजी संस्थेचं नाव असू शकतं, तेव्हा नियमात ते घाला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कोड लिहिणाऱ्यांना टॅबही तितकाच नडतो. जीमेलमध्ये मजकुरात टॅब दाबला की जागा सुटत नाही, फोकस थेट सेंड बटणावर जातो. त्यावर स्पेस किंवा एंटर दाबलं की मेल गेलाच. ऑटोहॉटकीचा वरचा नियम इथे उपयोगाचा नाही. आत सरकवायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस वापरा. व्हीएस कोडमध्येही तीच जोडी ओळ आत सरकवते, त्यामुळे नवं काही शिकावं लागत नाही.

पुढेमागे मेलसाठी दुसरा प्रोग्रॅम वापरलात तर: जुन्या, डेस्कटॉपच्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल असं जाऊन खाली 'सेंड मेसेजेस'मध्ये कंट्रोल-एंटरची खूण काढता येते. ऑल्ट-एस मात्र तिथे पाठवतंच. थंडरबर्डचा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, शॉर्टकट वापरून पाठवताना आधी विचारायचं, असा पर्यायच त्याच्या कंपोझिशन सेटिंगमध्ये आहे. जीमेलमध्येही तो असायला हवा होता.

मॅकवर अडचण वेगळी. ॲपल मेलमध्ये कमांड-शिफ्ट-डी म्हणजे पाठवा, आणि सब्लाइम टेक्स्ट या कोड एडिटरमध्ये हीच जोडी ओळीची दुसरी प्रत करते. तिथे सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये 'ॲप शॉर्टकट्स' उघडा, मेल निवडा, मेन्यूत 'सेंड' जसं लिहिलंय तसंच नाव टाका आणि बोटं चुकूनही जाणार नाहीत अशी जोडी द्या. कंट्रोल, ऑप्शन, कमांड आणि एस एकत्र, असं काहीतरी.