शुक्रवारची एसटी

प्रिय पोरी,

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. दर शुक्रवारी रात्री तू एसटीत बसतेस, शनिवारी सकाळी दारात उभी, आणि रविवार दुपारपासून तुझ्या पोटात कळा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. माझ्या वेळी पूर्ण तिकिटाचे पैसे नसायचे, म्हणूनच मी पुण्यात टिकले की काय, असं कधी कधी वाटतं!

रागावत नाहीये. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवताना मी हे दरवर्षी बघते. लातूर पॅटर्नमधून आलेल्या तुम्हा मुलांचा दिवस दोन वर्षं दुसऱ्याच कुणीतरी आखलेला असतो. अभ्यासाला बसवणारं कुणी, चाचणी घेणारं कुणी, चुकलेलं पुन्हा सोडवून घेणारं कुणी. इथे सेमिस्टर सुरू होतं आणि महिनाभर कुणी विचारतच नाही. त्या मोकळेपणाला तुम्ही बिचकता, आणि विषयच झेपत नाही असं समजून बसता. बारावीला नव्वदच्या वर गुण घेतलेल्या मुलीला एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणितात, ३० पैकी ९ पडले म्हणजे तिची अक्कल गेली नाही, तिची रोजची चाचणी गेली. ती आता तूच लाव. रात्री जेवण झालं की दोन गणितं, पुस्तक मिटून, घड्याळ लावून. दोनच. केटी लागलीच, म्हणजे विषय राहिलाच, तर लागली, पुढच्या वर्षात जाऊन सुटते.

एम-वनचं गणित त्या मानाने सोपं आहे. एसटीचं अवघड. तास चुकवला की त्या क्षणी इतकं हलकं वाटतं की पुढचाही चुकवावासा वाटतो, आणि दर वेळी भीती थोडी जाड होत जाते. मला पहिल्या चाचणीत २० पैकी ४ मिळाले होते. सर सगळ्यांदेखत नाव घेऊन विचारतील म्हणून मी ट्युटोरियलला जाणंच सोडलं. तीन आठवड्यांनी धीर करून गेले, तर सरांना माझं नावच माहीत नव्हतं. खरं सांगते, आधी अपमान वाटला. हसू नंतर आलं.

घरी जाणं एकदम तोडू नकोस. दोन आठवडे इथे राहा, तिसऱ्याला जा. रविवारी रात्री मेस बंद असते आणि घरची आठवण नेमकी तेव्हाच दाटून येते, म्हणून त्या जेवणाचा बेत रूममेटबरोबर शनिवारीच ठरवून टाक.

तोंडी परीक्षेआधी छाती धडधडते, हात गार पडतात. शरीर पळायच्या तयारीला लागलेलं असतं, पळायचं मात्र कुठेच नसतं. अशा वेळी श्वास घेतलास त्याहून सावकाश सोड. चार-पाच वेळा केलंस की धडधड उतरू लागते. इंग्रजीत अडलीस तर सरळ विचार, ‘मराठीत सांगू का?’ मी परीक्षक असते तेव्हा तरी हो म्हणते.

तुमच्या जीएफएमना, म्हणजे पालक-प्राध्यापकांना, नुसते घरी हजेरीचे मेसेज पाठवणारे समजू नकोस. हजेरी ७५ टक्क्यांखाली घसरायच्या आत जाऊन काय होतंय ते सांग. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागल्यावर त्यांचेही हात बांधलेले असतात.

आणि हे नीट वाच. झोप उडाली, जेवण जाईना आणि असं दोन आठवडे चाललं, तर ते नुसतं घर आठवणं नव्हे, डॉक्टरांना दाखवायचं. जगणंच नकोसं वाटलं तर दोन मिनिटंही थांबायचं नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेव. माझा नंबर आहेच, रात्री दोनलाही उचलेन.

येत्या शुक्रवारी एसटी नको. रविवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, धपाटे करते. दही मी आणते, तू ती नऊ गुणांची उत्तरपत्रिका आण. आईला मी कळवलंय.

तुझी,
मावशी