पेशीतली भाकऱ्यांची चवड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. आता पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षाला सगळं इंग्रजीतून आहे. वर्गात सांगितलं, गॉल्गी हा पेशीतला भाग म्हणजे पेशीचं पोस्ट ऑफिस. पण पोस्टमन पाकीट फोडून आतलं पत्र बदलत नाही. मग गॉल्गी प्रथिनात ‘बदल करतं’ म्हणजे काय? – विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : माध्यम बदललं तरी शंका विचारायचं तू सोडलं नाहीस, याचा फार आनंद झाला. शंका रास्तच आहे, कारण पोस्टाची उपमा अर्धवट आहे.

रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कणावर, तयार होणारं प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पडद्यांच्या जाळ्यात, शिरतं. तिथे त्याच्या घड्या बसतात आणि बऱ्याच प्रथिनांना १४ शर्करांचा एक गुच्छ जोडला जातो. मग इवल्या पुटिकांत (पडद्याच्या पिशव्यांत) बसून ते गॉल्गीत येतं. गॉल्गी दिसतं भाकऱ्यांच्या चवडीसारखं : चपट्या, पोकळ चकत्या एकावर एक. प्रत्येक थरातली विकरं, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं, वेगळी. सुरुवातीच्या थरांत त्या गुच्छातली मॅनोज शर्करा छाटतात, पुढच्या थरांत नव्या शर्करा चढवतात, शेवटाकडे गॅलॅक्टोज आणि सियालिक आम्ल लावतात. तुमच्या खानापूरच्या कुंभारांना विचार. चाकावरून उतरवलेलं मडकं थापटायचं, वाळवायचं, मगच भाजायचं. ओलंच भट्टीत घातलं तर तडकतं. गॉल्गीतही क्रमाला असंच मोल आहे.

आता पत्त्याचं. लयकारिकेत, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीत, जायच्या विकरांच्या मॅनोजवर गॉल्गीत फॉस्फेट बसतं. पलीकडच्या टोकाला ते फॉस्फेट ओळखून धरणारी प्रथिनं, म्हणजे ग्राहक (रिसेप्टर), असतात, ते त्या विकरांना नेमक्या पुटिकेत खेचतात. म्हणजे प्रथिनात केलेला बदल हाच त्याचा पत्ता. ‘आय-सेल’ या आनुवंशिक आजारात हे फॉस्फेट लागत नाही. विकरं तयार होतात, पण लयकारिकेत पोचण्याऐवजी पेशीबाहेर रक्तात जातात आणि लयकारिकांत न पचलेला कचरा साठत राहतो. परीक्षेत पोस्ट ऑफिस लिही, गुण मिळतील, पण मनात हे ठेव.

प्रश्न : आमच्याकडे तीन म्हशी आहेत. डेअरीत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वेगवेगळं लावतात. दुधातलं सगळं कासेत एकाच ठिकाणी तयार होत नाही का? – दूध उत्पादक, चिकोडी तालुका

उत्तर : ताई, पेशी एकच, पण वाटा दोन.

कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींचे बारीक बारीक पोकळ फुगे असतात. त्या पेशीत केसीन हे प्रथिन गॉल्गीत आलं की त्याला फॉस्फेट चिकटवलं जातं. फॉस्फेटला कॅल्शियम धरतं आणि हजारो केसीन रेणू एकवटून त्यांचे गोळे बनतात. हे गोळे प्रकाश विखुरतात, म्हणून सगळी साय काढून घेतली तरी दूध पांढरंच राहतं. विरजण लावल्यावर आम्ल वाढतं, गोळ्यांतलं कॅल्शियम सुटतं, गोळे एकमेकांना चिकटतात आणि दही लागतं.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तीही गॉल्गीतच जुळते. तिला गॉल्गीच्या पडद्यातून बाहेर पडता येत नाही, म्हणून ती आत पाणी ओढून घेते. म्हैस किती लिटर दूध देणार, हे बरंचसं या साखरेवर ठरतं. कासेतल्या पेशीला एवढं पाणी ओढायचं असतं, तेव्हा दुभत्या जनावरापुढे पाण्याची टंचाई कधीच नको. मग केसीन, लॅक्टोज, पाणी भरलेल्या पुटिका पेशीच्या काठाला जाऊन मिसळतात आणि आतला ऐवज पोकळीत रिता होतो.

फॅट मात्र गॉल्गीतून जातच नाही. तिचे थेंब पेशीच्या काठाशी येतात आणि पेशीच्याच पडद्याचं पांघरूण घेऊन बाहेर पडतात. एसएनएफमध्ये मुख्यतः प्रथिनं, लॅक्टोज आणि क्षार येतात. वाटाच वेगळ्या, म्हणून एक उतरलं तरी दुसरं तेवढंच उतरेल असं नाही. आणि बेळगावच्या कुंद्याचा तो खरपूस तपकिरी रंग येतो, त्यात दूध आटताना याच लॅक्टोजची आणि प्रथिनांची अभिक्रिया असते.

प्रश्न : वडिलांना साखरेचा आजार आहे, इन्शुलिन चालू आहे. डॉक्टरांनी सी-पेप्टाइडची तपासणी सांगितली. सरळ इन्शुलिनच का मोजत नाहीत? – शहापूर, बेळगाव

उत्तर : कारण टोचलेलं आणि स्वतःचं इन्शुलिन मोजताना एकमेकांत मिसळतं. स्वादुपिंडात आधी प्रोइन्शुलिन ही सलग साखळी बनते. गॉल्गीतून निघणाऱ्या कणिकांत ती कापली जाते : एक तुकडा इन्शुलिन, मधला तुकडा सी-पेप्टाइड. प्रत्येक इन्शुलिनमागे एक सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्शुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे रक्तात सापडलेलं सी-पेप्टाइड वडिलांच्या स्वतःच्या स्वादुपिंडाची कमाई सांगतं.

प्रश्न : बहिणीचा रक्तगट ओ म्हणून नोंदलेला होता. बाळंतपणात ओ रक्त जुळेना. मग बॉम्बे गट निघाला. हे काय आहे, आणि आम्ही भावंडांनी काय करावं? – निपाणी

उत्तर : हा गट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत शोधला, म्हणून हे नाव.

लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. रक्तगट म्हणजे त्यांच्या टोकाची शर्करा, आणि ती लावण्याचं काम गॉल्गीचं. आधी फ्युकोज ही शर्करा लागून ‘एच’ खूण तयार होते. तिच्यावर एक शर्करा चढली की ए गट, दुसरी चढली की बी, कुठलीच नाही चढली तर ओ. रक्तात फिरणाऱ्या लाल पेशीत गॉल्गी उरलेलंच नसतं. ही खूण अस्थिमज्जेत, पेशी घडत असतानाच लागते आणि पेशी संपेपर्यंत टिकते.

तुमच्या बहिणीत फ्युकोज लावणारं विकर काम करत नाही. एच नाही, तर ए-बी चढणार कशावर? साध्या तपासणीत ते ओ वाटतं. पण तिच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आहेत आणि ओ रक्तावर एच भरपूर असतं. म्हणून ओ रक्त तिला धोक्याचं, तिला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

हा दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे मराठी घरांत आहे, तशी कन्नड घरांतही आहे. अशा नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. तुम्हा प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता सहसा चारात एक. तेव्हा सगळ्यांनी रक्तपेढीत ‘एच’ची तपासणी मागून घ्या, नुसत्या ओच्या कार्डावर थांबू नका. ज्याचा निघेल त्याने दुर्मिळ दात्यांच्या यादीत नाव घालावं. बहिणीचं ऑपरेशन आधी ठरलेलं असेल, तर तिचंच रक्त आधी काढून ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि तिच्या पाकिटात गटाची चिठ्ठी कायम असू द्या, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत.